आईविना वानराचं पिल्लू: गप्प बसलं म्हणजे सावरलं का?

निंबोणी_सोल

सोलापुरात विजापूर रोडला सिद्धेश्वर वनविहाराच्या अलीकडे आमची कॉलनी. काळ्या तोंडाच्या वानरांची एक टोळी वर्षानुवर्षं इथे येऊन-जाऊन असते. एक हुप्प्या, बऱ्याच माद्या, पोरंबाळं. उन्हाळा लागला की गच्चीवरच्या टाक्यांपायी मुक्काम वाढतो.

काल सकाळी कोपऱ्यावरच्या डीपीजवळ एका वानरिणीला तारेचा झटका बसला. खाली पडली, एक हात भाजला, पण जिवंत होती. वन खात्याची माणसं पिंजरा घेऊन आली आणि तिला उपचाराला नेलं. तिचं पिल्लू त्या वेळी दुसऱ्या मादीच्या पोटाशी होतं म्हणून वाचलं. तीन-चार महिन्यांचं असावं. जन्मतः असतो तो काळपट रंग जाऊन पाठीवर करडे केस आलेत. त्यालाही आईसोबत न्यायचा प्रयत्न झाला, पण तोवर अख्खी टोळी पिंपळाच्या शेंड्याला गेली.

मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका, त्यामुळे खुर्ची टाकून बघत बसले. आधी नुसता कल्लोळ. बारीक, लांब, चिरकी हाक. जरा थांबायचं, कान दिल्यासारखं करायचं, परत हाक. फांदीच्या टोकापर्यंत धावत जायचं, भिंतीवर उतरायचं, आई पडली ती जागा बघायची आणि कुणी माणूस हलला की वर पळायचं. टोळीतली कुठलीही मादी फिरून आली की तिच्या तोंडाजवळ जाऊन बघायचं आणि मागे वळायचं. एक मोठी मादी त्याला ओढून पोटाशी घेत होती, तर अंग आखडून तिच्या हातातून निसटत होतं.

संध्याकाळी दुबेळक्यात जाऊन बसलं. पाठ वाकलेली, हनुवटी छातीला, दोन्ही हातांनी स्वतःचेच पाय धरलेले. त्याच्याएवढी दोन पोरं शेपूट ओढून गेली, यानं मान वळवली नाही. आज दुपारपासून तर आवाजच बंद आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, "बरं झालं, विसरलं ते." मला ते पटत नाही. इथल्या जाणकारांना विचारते, हे सावरणं आहे की दुसरंच काही?

कडक_भाकरी

ताई, वाचून पोटात कालवलं. रात्रभर एवढंसं लेकरू झाडावर? कुणी चढून काढा ना त्याला. माझ्याकडे या, मी बाटलीनं दूध पाजते. आमच्या माहेरी मांजराची तीन पिल्लं मी अशीच जगवली होती.

पशुवैद्य_अण्णा

भाकरीताई, माया कळते, पण हे करू नका. वानर हा वन्यजीव आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला घरात ठेवता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी पानं पचवायला त्याचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. बिस्किटं, गाईचं घट्ट दूध, केळी असा मारा झाला की हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला हगवण म्हणजे संपलंच.

आणि माणसाच्या हातावर वाढलेलं वानर पुढे ना घरचं राहतं ना टोळीचं. लहानपणी खांद्यावर बसतं तेव्हा सगळे फोटो काढतात. वयात आल्यावर चावतं तेव्हा आमच्याकडे फोन येतो.

पिल्लू टोळीत आहे ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. ते टोळीतच राहू द्या. टोळी निघून गेली आणि ते एकटं मागे राहिलं, खाली पडलं, जखमी दिसलं, तर १९२६ ला फोन करा, वन खात्याची हेल्पलाइन आहे. तोवर झाडाखाली गर्दी नको, कुत्री बांधून ठेवा. बाईंनी ते 'गप्प झालं' लिहिलंय, त्याची मात्र मलाही काळजी वाटते. दूध तुटलेलं नसणार त्याचं.

अनुजा_वि

निंबोणीताई, तुमची शंका बरोबर आहे. मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लावते.

माकडांच्या पिल्लांवर या विषयात पुष्कळ काम झालंय. १९६२ साली सी, हॅन्सन आणि हार्लो या तिघांनी अमेरिकेत ऱ्हीसस, म्हणजे उत्तर भारतातल्या लाल तोंडाच्या माकडांची पिल्लं आयांपासून तीन आठवडे वेगळी ठेवली. मध्ये पारदर्शक आडोसा होता, म्हणजे आई दिसायची पण हाताला लागायची नाही. पिल्लांनी आधी किंचाळून, धावाधाव करून जागा डोक्यावर घेतली. मग आवाज खाली आला आणि त्याबरोबर त्यांचं आपापसातलं खेळणंही बसलं. तुमच्या पिल्लाची शेपूट ओढली तरी ते वळलं नाही, ती नोंद म्हणूनच मला फार मोलाची वाटली. पिल्लाचा खेळ थांबणं हे रडण्याहून वाईट लक्षण.

१९६७ मध्ये कॉफमन आणि रोझेनब्लम यांनी डुकरासारख्या आखूड शेपटीची, पिगटेल जातीची माकडं घेतली. पिल्लू टोळीतच ठेवून फक्त आईला काढलं, अगदी तुमच्याकडे घडलं तसं. पहिला दीड-एक दिवस आकांत. नंतर पिल्लं गोळा होऊन बसली, डोकं पायांत, कुणाकडे बघणं नाही. पाच-सहा दिवस असं चालून मग हळूहळू आजूबाजूच्या वस्तूंत लक्ष घालू लागली. तुम्ही लिहिलेली दुबेळक्यातली बैठक वाचली तेव्हा मला थेट त्यांचंच वर्णन आठवलं.

आता वहिनींच्या 'विसरलं' बद्दल. १९९० च्या सुमाराला सेमूर लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीससच्या पिल्लांच्या हाका मोजल्या आणि सोबत रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. आई शेजारच्या पिंजऱ्यात दिसत होती तेव्हा पिल्लू जास्त ओरडलं, पण कॉर्टिसॉल त्यामानानं कमी. पूर्ण एकटं ठेवलं तेव्हा हाका कमी आणि कॉर्टिसॉल जास्त. ओरडण्याचा उपयोग आहे असं वाटतं तोवर पिल्लू ओरडतं. जंगलात हे शहाणपणाचंच आहे. आई जवळपास नसेल तर हाका मारत राहणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं.

शेंगाचटणी

बापरे. आमच्या सोसायटीच्या पाळणाघरात 'दोन दिवस रडला, आता अगदी शहाणा झालाय' असं अभिमानानं सांगतात.

डाळिंबवाला

सगळं खरं, पण शेतकऱ्याचं पण ऐका की. आमच्या सांगोल्याकडं एक टोळी बागेत शिरली तर फळ खात्यात कमी आणि तोडून टाकत्यात जास्त. राखण करून जीव मेटाकुटीला. त्यात ही जात डूख धरते. २०२१ ला बीड जिल्ह्यात लवूळला काय झालं विसरला का? कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी गावातली अडीचशे कुत्री मारली.

नान्नजचा_राखणदार

दादा, बागेचं दुखणं मान्य. लवूळचं मात्र जरा जपून. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेत होती आणि काही तिथून पडून मेली, वन खात्यानं दोन वानरं पकडून दूर नेऊन सोडली, इथपर्यंत खरं. अडीचशेचा आकडा आणि सुडाची गोष्ट वाहिन्यांनी फुगवली. दुसऱ्याचं पिल्लू उचलायचं, कवटाळायचं, त्याचे केस विंचरल्यासारखे निवडायचे ही वानरांची सवयच आहे. वर नेलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला फांदी धरता येत नाही, पाणी मिळत नाही. सूड न घेताही ते मरतंच.

डाळिंबवाला

असंल. पण उचललेलं पिल्लू माझं असतं तर मी काय म्हणलो असतो ते इथं लिहित नाही.

निंबोणी_सोल

सगळ्यांचे आभार. आजची हकीकत. कालची ती मोठी मादी, कानाला खाच आहे तिच्या, सकाळी पिल्लाजवळ जाऊन नुसती बसली. ओढलं नाही. निवडलंही नाही. बऱ्याच वेळानं पिल्लानंच एक हात तिच्या मांडीवर ठेवला. मग पोटाखाली शिरलं. दुपारी तिचं स्तन तोंडात धरलेलं पाहिलं. तिचं स्वतःचं मोठं पोर आहे, त्यानं लगेच कुरबुर केली आणि तिनं याला दूर सारलं. हे परत चिकटलं. हाका अधूनमधून पुन्हा सुरू झाल्यात. काल असं झालं असतं तर मी हळहळले असते, आज बरं वाटलं.

अनुजा, तुमच्या त्या पिगटेल माकडांत असं कुणी जवळ घेणारं नव्हतं का?

अनुजा_वि

नेमका प्रश्न! त्या जातीच्या माद्या एकमेकींपासून अंतर राखून असतात, दुसरीचं पोर सहसा जवळ घेत नाहीत. त्याच दोघा संशोधकांनी हाच प्रकार बॉनेट माकडांतही करून बघितला. बॉनेट म्हणजे बदामीच्या लेण्यांत आपल्या पिशव्या हिसकावतात ती, डोक्यावर केसांचा भांग असलेली. ती सदा एकमेकांना खेटून बसलेली असतात. आई काढून नेल्यावर पिल्लं अस्वस्थ झाली, पण टोळीतल्या इतर माद्यांनी त्यांना पोटाशी घेतलं आणि ती पाय धरून बसण्याची अवस्था जवळपास आलीच नाही. आई जाण्याचं दुःख सारखंच, पण भोवतालचा गोतावळा वेगळा, तर पुढचं सगळं वेगळं होतं. मला या सगळ्या संशोधनात एवढी एकच गोष्ट उचलून घ्यायला सांगितली तर मी ही घेईन.

वानरं तर याबाबतीत बॉनेटच्याही पुढची. जन्मल्या दिवसापासून पिल्लू या हातातून त्या हातात फिरतं. कॅलिफोर्नियात बर्कलीला फिलिस डोल्हिनो यांनी आपल्याच वानरांची एक वसाहत पाळली होती. तिथल्या आईपासून तुटलेल्या पिल्लांचा त्यांचा अभ्यास १९८० चा. त्यात पिल्लं नुसती पडून राहिली नाहीत, त्यांनी स्वतः मादी हेरली आणि तिच्या मागे लागून तिला पालक व्हायला लावलं. तुमच्या खाचवालीच्या मांडीवर आलेला तो हात मला तसा वाटतो. गंमत पुढे आहे. आया परत आल्यावरही काही पिल्लं नव्या मादीकडेच राहिली.

पशुवैद्य_अण्णा

हे शेवटचं वाक्य काळजीचं आहे, कारण खाचवाली किती दूध देईल याचा भरवसा नाही. मी वन खात्यातल्या ओळखीच्या माणसाशी बोललो. आईच्या हाताची जखम वरवरची आहे, खातेय. पूर्ण बरी होईपर्यंत ठेवायचा विचार होता. चालता-चढता येऊ लागली की लगेच त्याच झाडाशी आणून सोडा, असं सुचवलंय. तिचंही दूध आटायला नको.

कडक_भाकरी

अण्णा, मी ऐकते तुमचं. पण रात्री निदान एखादी चादर, टॉवेल फांदीवर टाकला तर?

पशुवैद्य_अण्णा

झाडावर नको, पाय अडकेल. पण कल्पना वाईट नाही. खरोखर अनाथ झालेल्या पिल्लांना बचाव केंद्रात गुंडाळलेला टॉवेल किंवा मऊ खेळणं देतातच. त्याला मुठी आवळून धरायला काहीतरी लागतं. आणि आपला सोलापुरी टॉवेल असेल तर बघायलाच नको.

अनुजा_वि

हार्लोची सगळी कथा टॉवेलसारख्याच फडक्यापासून सुरू होते. विस्कॉन्सिनला त्यांनी माकडं स्वतःच वाढवायला घेतली. भारतातून आणलेली महाग पडत आणि रोग घेऊन येत. रोग टाळायला पिल्लं आयांपासून वेगळी, स्वच्छ पिंजऱ्यात ठेवली. तेव्हा दिसलं की पिंजऱ्यात अंथरलेली कापडी लंगोटं बदलायला गेलं की पिल्लं त्यांना घट्ट धरून आकांत करतात. मग दोन खोट्या आया केल्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईला लावली तरी पिल्लं पिण्यापुरती तिकडे जायची आणि उरलेला दिवस कापडाच्या आईला चिकटून. १९५८ साली हार्लोंनी हे मानसशास्त्रज्ञांच्या सभेत मांडलं.

गड्ड्याचा_पाळणा

माफ करा, पण एवढी पिल्लं तोडून शेवटी सिद्ध काय केलं? लेकराला आई लागते? आमची आजी अंगठाबहाद्दर होती, तिनं फुकटात सांगितलं असतं. पुढे म्हणे त्यांनी पोलादी खड्ड्यात एकेकटी माकडं कोंडली. शास्त्र म्हणायचं का याला?

सिस्टर_आक्का

तुमची आजी शहाणी होती हो, पण वॉर्डात तिचं कोण ऐकत होतं? मी मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. सुरुवातीच्या काळात भेटीची वेळ ठरलेली, आई बाहेरच्या बाकावर. नवीन पोर दोन दिवस रडायचं, खाटेच्या गजांना धरून उभं राहायचं. मग गप्प व्हायचं. आम्ही एकमेकींना सांगायचो, "रुळलं गं." आई आत आली की ते पोर तोंड फिरवायचं आणि आई रडायची. आम्हाला वाटायचं, आई आल्यामुळेच त्रास होतो. आईलाच मना करा, असं म्हणणारे मोठे डॉक्टर मी पाहिलेत. आता आई खाटेजवळच असते. हा बदल आपोआप नाही झाला.

अनुजा_वि

आक्का, तुम्ही जे तोंड फिरवणं पाहिलंत ते जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये लंडनच्या रुग्णालयात दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण करून डॉक्टरांना दाखवलं होतं. बऱ्याच डॉक्टरांना ते मान्यच होईना. त्यांचे सहकारी जॉन बोल्बी यांनी क्रम मांडला: आधी निषेध, मग हताशपणा, मग अलिप्तता. त्यांना माकडांच्या या अभ्यासांचा मोठा आधार झाला.

गड्डेदादा, त्याच्याआधी १९२८ मध्ये जॉन वॉटसन हे बडे मानसशास्त्रज्ञ आयांना लेखी सल्ला देत होते की मुलांना कवटाळू नका, मुके घेऊ नका. आजीला ठाऊक असलेली गोष्ट डॉक्टरांच्या गळी उतरवायला तारेची आई लागली, ही लाजिरवाणी पण खरी गोष्ट. खड्ड्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं. एकलकोंडेपणानं माकड मोडतं हे दिसून गेल्यावर ते आणखी किती मोडतं हे बघत राहण्यात मला ज्ञान दिसत नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतलं आईपासून तोडण्याचं काम प्राणीमित्रांच्या रेट्यानंतर बंद करायचं २०१५ मध्ये ठरलं.

नान्नजचा_राखणदार

आणि आपल्याकडून ऱ्हीसस पाठवणं १९७८ मध्ये बंद झालं, मोरारजींच्या सरकारच्या काळात. त्याआधी दरवर्षी हजारोंनी माकडं बोटीत-विमानात भरून जायची. त्यातली किती पोटाशी पिल्लू असताना पकडलेली असतील याचा हिशेब कुणी ठेवलाय कुणास ठाऊक.

माढा_लोकल

एक विचारू? आमच्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं धाकटं लेकरू आजीकडे ठेवून सहा-सहा महिने जातात. तेही पिगटेलमध्ये धरायचं का?

अनुजा_वि

थेट नाही धरायचं, दादा. माणसाचं मूल माकड नव्हे आणि वय, आजार, घरची परिस्थिती सगळं बदलतं. पण आजी त्याच्या जन्मापासून घरात असेल तर ते बॉनेटच्या बाजूला झुकतं एवढं म्हणायला हरकत नाही. जास्त जिकिरीचं असतं ते आई परतल्यावरचं. मूल ओळख दाखवत नाही, आणि आई समजते की सासूनं तोडलं.

निंबोणी_सोल

आली! आई आली!

सकाळी पिंजरा पिंपळाखाली उघडला. भाजलेल्या हातावरचे केस गेलेत, तो हात न टेकता तीन पायांवर चढली. माद्यांनी येऊन तिला हुंगलं, दोघी-तिघींनी मिठी मारली. हुप्प्या लांबून बघत होता. पिल्लू खाचवालीच्या पोटाशी. आई दोन फांद्या अलीकडे येऊन बसली. मला वाटलं आता झेप घेईल. छे. पिल्लानं बघितलं आणि तोंड खाचवालीच्या छातीत घातलं. आक्का, तुमचा वॉर्ड आठवला. आई जवळ सरकली तर खाचवाली पिल्लासकट वर गेली.

ऊन चढल्यावर सगळी सावलीला आली तेव्हा पिल्लू उतरलं, आईच्या भाजलेल्या हाताचा वास घेतला, परत पळालं. असं पुष्कळदा झालं. चारच्या सुमाराला ते आईच्या छातीशी गेलं आणि दूध ओढताना दिसलं. आहे थोडं दूध, अण्णा! त्यानंतर आई जरा हलली तरी किंचाळतंय. आधी कधी नव्हतं इतकं चिकट झालंय. खाचवाली शेजारीच आहे, मधूनमधून शेपटीला हात लावते.

डाळिंबवाला

हे बेस झालं. आमच्या बागेत आली तर सांगतो तुम्हाला.

पशुवैद्य_अण्णा

उत्तम. आता कॉलनीत बजावा, कौतुकानं केळी-चपात्या टाकू नका. खाणं मिळालं की टोळी परत त्याच डीपीकडे येणार. तारांना आवरण घालून घ्यायचा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्या, एकट्यादुकट्याचा फाईलीत पडतो.

निंबोणी_सोल

अर्ज लिहिलाय, सह्या चालू आहेत. अनुजा, मला पुढचे काही महिने नोंदी ठेवायच्यात. काय लिहू?

अनुजा_वि

फार चांगलं. केंब्रिजजवळ मॅडिंग्लेला रॉबर्ट हाइंड यांनी ऱ्हीससवर हेच केलं. आई अवघे सहा दिवस दूर होती अशा पिल्लांची वर्षाची झाल्यावर आणि अडीच वर्षांची झाल्यावर चाचणी घेतली, तर ती नव्या वस्तूंजवळ जायला इतरांपेक्षा बिचकत होती. सगळी सारखी नाहीत. आधीपासूनच आई ज्यांना दूर ढकलायची आणि जवळ राहायची खटपट ज्या पिल्लांनाच करावी लागायची, त्यांना जास्त जड गेलं. आणखी एक अनपेक्षित गोष्ट त्यांना दिसली. पिल्लाला टोळीतून नेऊन परत आणण्यापेक्षा आईला नेऊन परत आणलं तर घडी बसायला जास्त त्रास होतो. आईला परतल्यावर टोळीतली आपली जागा पुन्हा मिळवावी लागते, त्यात पिल्लाकडे लक्ष कमी पडतं. म्हणून तुमच्या वानरिणीला इतर माद्या कशा वागवतात तेही टिपा.

वहीत तीन रकाने पुरे: आईला चिकटलेलं, हाताच्या अंतरावर, त्याहून लांब. घड्याळ लावून ठरावीक वेळानं एक खूण. आणि दर वेळी ते दोघं जवळ आले तर कोण आलं, लांब गेले तर कोण गेलं, एवढं लिहा. हाइंड यांचं मुख्य माप तेच होतं. 'दुःखी दिसलं', 'खूश दिसलं' असं लिहू नका. खेळलं की नाही ते लिहा.

निंबोणी_सोल

खाचवालीसाठी चौथा रकाना घालते. दुर्बीण भाच्याकडून मागवलीय. वनविहाराच्या बाजूला टोळी गेली की मला एकटीला जमायचं नाही, सकाळी सातला कुणी सोबत येणार असेल तर इथेच सांगा.

शेंगाचटणी

मी येते, ताई. रविवार सोडून कधीही.